दसऱ्याच्या सवारीतला निळा धूर

बाबूराव मिस्त्री थापा मारतो, अशी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्याबद्दल बोलवा आहे. बोलवा खरी आहे. उभा जन्म मी इंदरगंजात फटफट्या दुरुस्त केल्या आणि मला विचाराल तर पाना आणि थाप ही दोन्ही हत्यारं मिस्त्रीच्या पेटीत हवीतच. गिऱ्हाईक गाडी ढकलत दुकानाशी येतं तेव्हा घामानं आणि धास्तीनं अर्धं झालेलं असतं. त्याला आल्या आल्या "पिस्टन गेला" म्हटलं, तर गाडीआधी तेच बसायचं. म्हणून आधी बाकावर बसवावं, पाणी द्यावं, एखादी फर्मास गोष्ट सांगावी, आणि ते हसलं की मग पाना उचलावा.

तेव्हा दिवाळी अंकाच्या संपादकांनी "धंद्याचे अनुभव लिहा, पण या खेपेस खरे लिहा" असं बजावून कोरे कागद पाठवले, ते पाहून घरात हशा पिकला. सून म्हणाली, "बाबा, मग कोरेच परत करून टाकायचे का?" मी म्हटलं, "थांब. एक गोष्ट आहे. ती आजवर मी कमी सांगितली आहे, वाढवून कधीच नाही."

पण आधी धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

फटफटी आजारी पडली की धुरानं बोलते. पांढरा धूर, काळा धूर, निळा धूर. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक असेलच. पौषातल्या सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरी वाफ निघते. रात्रभर नळकांड्यात साचलेलं दव असतं ते. गाडी तापली की जातं. पण पहिल्या हिवाळ्यात नवे गाडीवाले "मिस्त्रीजी, आग लग गई" म्हणत यायचे, आणि मीही गंभीर चेहरा करून गाडीभोवती फिरून यायचो. तोवर इंजिन तापायचं, वाफ थांबायची आणि माझं नाव व्हायचं. अशानंच माझं बरंचसं नाव झालेलं आहे.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. अधाशी माणसासारखं इंजिन नुसतं खातं, पचवत नाही. एका पेन्शनर मास्तरांची गाडी असा काळा धूर सोडायची की इंदरगंजच्या चौकातले कावळे भर दुपारी संध्याकाळ झाली समजून झाडावर परतायचे. बघतो तर मास्तरांनी हवा जाते त्या तोंडाला लोकरीचा मफलर गुंडाळलेला. मला म्हणाले, "बाबूराव, इंजिनाला गारठा बाधतो हो, सकाळी खोकतं." मफलर सोडला, खोकला गेला. कावळ्यांनाही पुन्हा वेळेचं भान आलं.

निळा धूर मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. फटफटीच्या पोटात पेट्रोलशिवाय एक तेल असतं. त्याची टाकी वेगळी, बहुतेक गाड्यांना ती बसायच्या जागेखाली असते. ते तेल पंपानं इंजिनात फिरतं आणि परत टाकीत येतं. त्याचं काम जळायचं नाही. लोखंड लोखंडावर घासतं, त्या दोघांच्या मध्ये राहायचं. ते आपली जागा सोडून पिस्टनच्या वर चढलं की जळतं, प्लगवर काजळी धरते, ठिणगी चुकते, आणि इंजिन अडखळत चालायला लागतं. चार ठोके बरोबर, पाचवा गायब. कधी न जळलेलं पेट्रोल मागच्या नळकांड्यात जाऊन पेटतं आणि बंदुकीसारखा बार होतो.

निळ्या धुराला वास असतो. विलायती तेलाचा वास कडू, घशाशी बसणारा. मी रस्त्यापलीकडून सांगायचो, तेल जुनं की नवं, पातळ की जाड. मालक कोणत्या वाराला दाढी करतो हेही सांगायचो, पण ते जाऊ द्या.

आता गोष्ट.

महायुद्धाच्या आधीचा काळ. लष्करातल्या एका सरदारांकडे मोटार आणि एक विलायती फटफटी होती. नाव सांगत नाही, घराणं अजून नांदतं आहे. त्या घराण्याची रीत अशी होती की सरकारांची सवारी निघाली की पुढे एक स्वार चालायचा. हा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात होता. स्वाराचा मुलगा स्वार. सरदारसाहेबांनी मोटार घेतली तेव्हा घोडा गेला आणि स्वाराच्या जागी फटफटी आली, पण घर तेच राहिलं. तिच्यावर बसायचा रंगराव. त्याचे वडील त्याच मानाच्या घोड्यावर बसलेले, ते लवकर वारले. घरी आई. आम्ही त्यांना काकीसाहेब म्हणत असू. जयेंद्रगंजात राहायच्या. जुन्या वळणाच्या, पडद्यात वागणाऱ्या. त्यांचा आवाज मला ओळखीचा होता, पण चेहरा मी तोवर पाहिलेला नव्हता.

फटफटीची देखभाल करायला ड्योढीवर, म्हणजे सरदारांच्या वाड्यावर, करीम नावाचा माणूस होता. पन्नाशीचा, दाढी पिकलेली, हाताला काम आणि तोंडाला कुलूप. तेल-पाणी त्याच्याकडे, पुसणं-झटकणं त्याच्याकडे. गाडी तो अशी चमकवायचा की माश्या बसल्या की घसरून पडायच्या. या वाक्यात थोडी वाढ आहे. बाकी गोष्टीत नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याला शमीपूजनाची सवारी निघाली. मीही बघायला उभा होतो. पुढे रंगराव फटफटीवर, अंगात केशरी अंगरखा. त्याच्यामागे घोड्यावर निशाण घेतलेले म्हातारे तात्या. त्यांच्यामागे सरदारसाहेबांची मोटार, मग मंडळी. सवारी चालते पावलापावलानं. फटफटीला हे फार अवघड असतं. धावताना तिला वारा लागतो, चालताना लागत नाही, आणि ती आतल्या आत तापत जाते. दरवर्षी मी रंगरावला सांगायचो, "जरा पुढे जात जा, मग थांबत जा." तो म्हणायचा, "सवारीच्या पुढे पळून जाऊ का, मिस्त्री? लोक काय म्हणतील?"

लांबूनच मला धूर दिसला. निळा. आधी वेणीसारखा बारीक, मग दाट होत होत त्यानं मागचा घोडा झाकून टाकला. गर्दीत कोणी हसलं, कोणी म्हणालं, "अरे, रंगरावची भट्टी सुलग गई!" मी मात्र नाक वर केलं आणि गोंधळलो. कडू वास नव्हता. तळणीच्या कढईसारखा वास होता. सणाच्या घरासमोरून गेल्यावर येतो तसा.

मग इंजिन अडखळायला लागलं. रंगरावनं पेट्रोल वाढवलं, आणि मागून बार उडाला. तात्यांचा घोडा दोन पायांवर उभा राहिला. तात्या पडले. निशाण पडलं. दसऱ्याच्या दिवशी, शमीकडे जाताना, सरदारांचं निशाण मातीत. इतकी माणसं एकदम गप्प झालेली मी त्याआधी ऐकली नव्हती. हो, ऐकलीच म्हणतो.

तात्यांचं खुब्याचं हाड मोडलं. उरलेली सवारी कशीबशी शमीपर्यंत गेली आणि परतली. संध्याकाळी सोनं द्यायला गेलो त्या प्रत्येक घरी तोच विषय. जो तो खालच्या आवाजात बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव माझ्या दुकानाशी आला. रात्रभर झोपला नव्हता. म्हणाला, "मिस्त्री, करीमला धरलंय."

"कोणी?"

"दारोगांनी. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. तिळाचं तेल आहे म्हणाले. करीमनं विलायती तेलाचा डबा विकून खाल्ला आणि तिळाचं भरून ठेवलं, असं सरकारांच्या कानावर घातलं. ड्योढीच्या कोठडीत ठेवलाय. आज दिवे लागायच्या आत कोतवालीत देणार. मग तुरुंग."

"करीम काय म्हणतो?"

"काहीच नाही! तेच तर! मार खातोय आणि काहीच म्हणत नाही." रंगरावनं माझी पान्यांची पेटी उचलून माझ्या हातात दिली. "मिस्त्री, तो माणूस असं करायचा नाही. तुम्ही इंजिन खोला. काहीतरी सापडेल."

दारोगा म्हणजे सरदारांच्या मोटारखान्याचे मुख्य. मला त्यांचा राग नव्हता. निशाण पडलं होतं, म्हातारा माणूस मोडला होता, कोणाला तरी जबाब द्यायचा होता. आणि तिळाचं तेल ओळखायला मिस्त्री लागत नाही. लष्करातल्या कुठल्याही नाकाला ते कळतं.

मी ड्योढीवर गेलो. फटफटी मागच्या अंगणात उभी होती, कालच्या झेंडूच्या माळेसकट. दारोगा खुर्ची टाकून बसले.

"देखिए, मिस्त्रीजी, खोलून देखिए. पण गोष्टी नका सांगू हं आज."

"आज गोष्ट नाही, साहेब."

मी प्लग काढला. ओला, आणि त्यावर मऊ चिकट काजळी. टाकीतलं तेल परातीत काढलं. काठोकाठ भरलेलं, हवं त्याहून जास्त. बोटांनी चोळून पाहिलं. अर्धं विलायती, अर्धं तिळाचं. इथेच मी थबकलो. डबा विकणारा माणूस अर्धं चांगलं तेल टाकीत कशाला ठेवील? पण एवढ्यानं कोणी सुटत नाही. दारोगा म्हणाले असते, आधी अर्धं विकलं.

टाकीच्या तळाशी तेल गाळायची बारीक जाळी असते. ती काढून उजेडात धरली. जाळीवर कापसाचा एक पीळ अडकला होता, टोकाशी काळा जळलेला. वात. शेजारी लाल कण. बोटावर घेऊन पाहिलं, कुंकू. नाकाशी नेलं, तिळाच्या वासाखाली कापराचा वास.

मी जाळी फडक्यात गुंडाळली.

"क्या मिला?" दारोगांनी विचारलं.

"कचरा आहे. घरी नेऊन धुऊन बघतो."

ड्योढीबाहेर येऊन भिंतीला टेकलो. काल दसरा, म्हणजे परवा खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या मराठ्यांच्या घरांतून हत्यारांची पूजा होते. आणि बऱ्याच घरांत रीत असते, आमच्याही घरी होती. नवरात्राच्या घटाशी नऊ दिवस अखंड दिवा जळतो, त्याच्या तेलाचं भांडं पहिल्या दिवशीच पूजेला लावतात. शेवटी भांड्यात आणि समईत जे उरेल ते देवीचं. ते स्वयंपाकात घालत नाहीत. नवमीला त्याच तेलाचा हात तलवारीवर, भाल्यावर फिरवतात, म्हणजे वर्षभर गंज लागत नाही आणि देवी पाठीशी राहते. रंगरावच्या घरी आता तलवार भिंतीवर होती. हत्यार म्हणायचं तर फटफटी. नवमीला ती ड्योढीवरून पूजेसाठी त्याच्या घरी नेली होती, हे मला माहीत होतं.

जयेंद्रगंजात गेलो. रंगराव दारातच होता. काकीसाहेब आतल्या दाराच्या पडद्याआड बसल्या. मी जाळी फडक्यातून काढून रंगरावच्या हातात दिली, त्यानं ती पडद्याखालून आत सरकवली.

 आतून त्या म्हणाल्या, "ही आमची वात आहे, बाबूराव. चार पदरी. मी स्वतः वळलेली."

"तेल कसं गेलं टाकीत, काकीसाहेब?"

"मी ओतलं." जराही अडखळल्या नाहीत. "करीम झाकण उघडून तेल घालत होता. मी पूजेचं ताट घेऊन गेले, तो बाजूला झाला. मी गाडीला कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग म्हटलं, तलवारीला वरून लावतात, तिला तोंड नाही. हिला आहे. ही तेल पिते, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग उरलेलं सगळं घातलं. वाटलं, देवीचं तेल आत असलं की माझ्या पोराला काही होणार नाही."

रंगराव पडद्याकडे वळला. "आई..."

"वाईट झालं का त्यानं?" त्यांनी मला विचारलं.

खोटं बोलणं माझ्या हातचा मळ. पण तेव्हा जीभ वळेना. मी सांगितलं. तिळाचं तेल तापलं की पातळ होतं, वर चढतं, जळतं. त्यात टाकी उतू जाईपर्यंत भरलेली. त्यात सवारीची मंद चाल. वातीनं जाळी तुंबली. त्यातून धूर, त्यातून बार, त्यातून तात्या. आणि करीम कोठडीत, ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता मी माझं खरं हत्यार काढलं. वाटेत येताना रचलं होतं. म्हटलं, "काकीसाहेब, काळजी करू नका. मी दारोगांना सांगतो की विलायती तेल फार तापलं की फुटतं आणि त्याला तिळाचा वास सुटतो. बोटीवर ऊन लागलेले डबे असले की हमखास. मी चार मोठ्या गाड्यांची नावं घेईन. लष्करात इंजिनाबद्दल माझा शब्द कोण खोडणार? करीम सुटेल, तुमचं नाव येणार नाही, रंगरावची जागा राहील."

रंगरावनं माझा हात घट्ट धरला. "हां मिस्त्री, हेच. हेच करा."

अजूनही म्हणतो, थाप अव्वल होती. हातोडी मारली तरी आवाज आला नसता.

काकीसाहेब म्हणाल्या, "गोष्ट छान आहे, बाबूराव. पण दारोगांनी कढईत विलायती तेल तापवून बघितलं तर?"

मी हातातल्या फडक्याची घडी घालू लागलो.

"तेव्हा तुम्हीही कोठडीत जाल आणि करीम दुप्पट चोर ठरेल. आणि नाही बघितलं तरी काय? तेल मी ओतलं. बोटीवरच्या उन्हानं नाही." त्या उठल्याचं लुगड्याच्या आवाजावरून कळलं. "रंगा, टांगा बोलाव."

"आई, तू ड्योढीवर जाणार? काय सांगणार? माझी जागा जाईल! आजोबांपासूनची जागा आहे ती."

"तुझे आजोबा त्या जागेवर दुसऱ्याला कोठडीत ठेवून बसले नव्हते. टांगा."

पडदा लावलेल्या टांग्यातून त्या निघाल्या. आम्ही दोघं मागून चालत. ड्योढीवर बायका जात त्या चौकात टांगा गेला. सरदारसाहेब दिवाणखान्यात चिकाच्या पडद्याच्या या बाजूला बसले, काकीसाहेब पलीकडे. मी आणि रंगराव दाराशी उभे. दारोगा हात बांधून.

काकीसाहेबांनी जे मला सांगितलं तेच सांगितलं. शब्द कमी केला नाही, जास्त केला नाही. मी आयुष्यात अशी एकही गोष्ट सांगू शकलो नाही.

सरदारसाहेब चिकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "देवीचं तेल इंजिनात?"

"आपल्याकडे तलवारीला लावत नाहीत का, सरकार?"

सरदारसाहेबांच्याही देवघरात परवा तेच झालं होतं. ते खाली बघत म्हणाले, "निशाण पडलं, काकीसाहेब."

"पडलं. ते माझ्याकडून पडलं. तात्यांकडे मी जाणार आहे. पण त्या माणसानं काही केलेलं नाही. त्याला सोडा."

सरदारसाहेबांनी दारोगांकडे हात केला. नंतर रंगरावकडे न बघता म्हणाले, "फटफटी यापुढे सवारीत नको. घोडा येईल. ज्याला बसता येतं तो बसेल."

रंगरावला घोड्यावर बसता येत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं मुजरा केला आणि मागे सरकला. राग होता की नाही, मला सांगता येत नाही.

आम्ही बाहेर आलो. काकीसाहेब टांग्यात बसल्या, पडदा ओढला गेला. इतक्यात करीमला कोठडीतून आणलं. तळपायांवर मारलं होतं. टाचांवर, बाहेरच्या कडांवर पावलं टेकत तो येत होता. टांग्यात काकीसाहेब आहेत हे कळताच त्यानं त्या स्थितीतही तोंड भिंतीकडे वळवलं. नेहमीची अदब.

पडद्याआडून आवाज आला, "करीम, ते तेल मी ओतलं होतं."

"मालूम है, माँसाहब."

मी त्याच्याकडे वळलो. "माहीत होतं?"

"उस दिन भी ऐसे ही खड़ा था, मिस्त्रीजी. मुँह दीवार की तरफ़. देखा कुछ नहीं. आवाज़ सुनी. ढक्कन लगाने गया तो ख़ुशबू आई."

"अरे, मग काढून टाकायचं होतंस लगेच!"

"निकालकर कहाँ डालता? नाली में? माताजी का तेल?"



रंगराव म्हणाला, "काल विचारत होते तेव्हा तरी सांगायचंस, करीम. मार तरी टळला असता."

करीम भिंतीशी बोलल्यासारखा हळू बोलला, "क्या कहता, भैया? कि माताजी के तेल ने निशान गिरा दिया? मेरे मुँह से?"

टांग्याचा घोडा तेवढा डोकं हलवत होता.

मग टांग्याचा पडदा सरला. काकीसाहेब खाली उतरल्या. दिवसाढवळ्या, ड्योढीच्या दारात, सगळ्यांसमोर. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पाय अनवाणी, कारण वहाणा घालून रस्त्यानं जायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"बस आत," त्या म्हणाल्या.

"नहीं, माँसाहब. मैं पैदल..."

"पायांनी चालवतंय का तुला? बस म्हणते ना."

करीम जागचा हलेना. शेवटी रंगरावनं त्याच्या काखेत हात घातला, मी दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि आम्ही त्याला उचलून टांग्यात बसवलं. बसल्याबरोबर त्यानं आतून पडदा ओढून घेतला. उघड्या टांग्यातून बाजारातून जायची त्याला लाज वाटली, की काकीसाहेब पायी चाललेल्या बघवेनात, देव जाणे.

टांगा निघाला. काकीसाहेब चाकाशेजारून चालायला लागल्या, एक हात टांग्याच्या दांडीवर. रंगराव त्यांच्या मागे, मी त्याच्या मागे. मी ज्या रस्त्यानं उभा जन्म बडबडत गेलो, त्या रस्त्यानं त्या दिवशी मुकाट्यानं गेलो. इंदरगंजच्या चौकात गर्दी होती. दसऱ्यानंतरचा बाजार, आपट्याची पानं अजून पायदळी. पडद्याचा टांगा आणि मागे रंगराव बघून लोकांना वाटलं की आत काकीसाहेब बसल्या आहेत. वाट करून दिली. मिठाईवाला दुकानातून खाली उतरला आणि टांग्याच्या पडद्यासमोर कमरेत वाकला. "राम राम, माँसाहब." बरोबर चालणाऱ्या अनवाणी बाईकडे त्यानं पाहिलंही नाही. घरातली कोणी असेल, एवढंच वाटलं असणार.

पडद्याआडून हुंदका आला. मग दुसरा. आवरता आवरेना, तसा.

काकीसाहेबांनी मान वळवली नाही. टांगेवाल्याला एवढंच म्हणाल्या, "हळू हाक रे. पुढे खड्डे आहेत."